एनबी८४ की फॉक्स२बी: न्यूरोब्लास्टोमाच्या निदानासाठी कोणते प्रतिपिंड जवळ ठेवावे

बालकांच्या ट्यूमरच्या बायोप्सी पाहणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांमध्ये सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन आणि सीडी५६ ही प्रतिपिंडे (ऊतीच्या कापावर लावल्यावर ठरावीक रेणू असलेल्या पेशी रंगवून दाखवणारी) आधीपासूनच असतात, कारण प्रौढांच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठीही ती नेहमी लागतात. प्रश्न उभा राहतो तो त्यापुढच्या एका बाटलीचा. खास न्यूरोब्लास्टोमासाठी, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेच्या अविकसित पेशींतून उगवणाऱ्या बालकांच्या कर्करोगासाठी, म्हणून एकच प्रतिपिंड घ्यायचे आणि ते कायम हाताशी ठेवायचे, तर एनबी८४ घ्यावे की फॉक्स२बी? मी दोन्ही वापरली आहेत. बराच काळ एनबी८४ हाच माझ्या पॅनेलचा, म्हणजे एकत्र लावल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या संचाचा, आधार होता, नंतर काही काळ दोन्ही एकाच ब्लॉकवर (पॅराफिनमध्ये बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यावर) शेजारी शेजारी लावून पाहिली, आणि त्यातून माझा जो कल तयार झाला तो पुढे लपून राहणार नाही. मात्र ज्यांच्याकडे येणारा नमुना माझ्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा आहे, म्हणजे ज्यांना सुईच्या बायोप्सीऐवजी शस्त्रक्रियेने काढलेली मोठी गाठच बहुधा मिळते, त्यांचा निर्णय माझ्यासारखाच असावा असा माझा आग्रह नाही.

पहिल्यांदा हे मान्य करायला हवे की पुष्कळ केसेसमध्ये या दोन्हींची गरजच पडत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जागी गाठ आहे, मूत्रातील व्हीएमए आणि एचव्हीए (कॅटेकोलामाइनच्या विघटनातून येणारे घटक) वाढलेले आहेत, एमआयबीजी या अशा पेशींत शोषल्या जाणाऱ्या किरणोत्सारी औषधाच्या स्कॅनमध्ये गाठ उजळते आहे, आणि साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या स्लाइडवर गुलाबी तंतुमय न्यूरोपिल व होमर राइट रोझेट (कडे करून बसलेल्या पेशी) स्पष्ट दिसत आहेत, अशा वेळी निदान डोळ्यांनीच झालेले असते आणि प्रतिपिंडे केवळ अहवालाची पूर्तता करतात. खरी अडचण अविभेदित, म्हणजे पेशींचा विकास न झालेल्या, प्रकारात येते. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार या प्रकारात न्यूरोपिल नसते, गँग्लिऑन पेशींकडे जाणारा विकास दिसत नाही, आणि म्हणूनच केवळ साध्या स्लाइडवर हे निदान ठामपणे करता येत नाही. त्याला पूरक चाचणीचा आधार लागतोच. इथे समोर दिसतात त्या फक्त लहान, गोल, निळ्या पेशी, आणि तशाच पेशी युइंग सार्कोमात, र्‍हॅब्डोमायोसार्कोमात, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात, विल्म्स या मूत्रपिंडाच्या ट्यूमरच्या ब्लास्टेमात (अविकसित पेशींच्या भागात) आणि डेस्मोप्लास्टिक ट्यूमरमध्येही दिसतात. या प्रत्येकाची केमोथेरपी वेगळी, शस्त्रक्रियेची वेळ वेगळी आणि पालकांना सांगायचे भविष्यही वेगळे असते. या प्रतिपिंडाची निवड अशाच केसेससाठी करायची आहे, सोप्या केसेससाठी नव्हे.

मग आधीपासून असलेली तीन प्रतिपिंडे पुरेशी का नाहीत? सीडी५६ न्यूरोब्लास्टोमाला जवळजवळ चुकवत नाही, पण ते इतरांनाही सोडत नाही. र्‍हॅब्डोमायोसार्कोमात आणि विल्म्सच्या ब्लास्टेमात ते ठळक येते, काही युइंगमध्येही येते. त्यामुळे सीडी५६ पॉझिटिव्ह आले म्हणजे हाती फारसे काही लागत नाही. ते निगेटिव्ह आले तर मात्र न्यूरोब्लास्टोमाबद्दल गंभीर शंका घ्यावी, एवढा त्याचा उपयोग आहे. सिनॅप्टोफायझिन अधिक विश्वासार्ह वाटते, परंतु अल्व्हिओलर र्‍हॅब्डोमायोसार्कोमात ते बऱ्यापैकी वेळा सापडते, आणि युइंगमध्येही इथेतिथे ठिपक्यांसारखे दिसू शकते. क्रोमोग्रॅनिन खास आहे, पण ते पेशीतील घन गाभ्याच्या कणिकांवर अवलंबून असल्यामुळे पेशी जितकी अविकसित तितके ते क्षीण होते. म्हणजे नेमक्या अडचणीच्या केसमध्येच ते साथ सोडते. एनएसई आणि पीजीपी९.५ ही चेतापेशींच्या प्रथिनांची नावे जुन्या पॅनेलमध्ये दिसतात. पीजीपी९.५ अविभेदित न्यूरोब्लास्टोमात टिकून राहते हे खरे, पण ते इतक्या प्रकारच्या ट्यूमरमध्ये येते की त्यावर निदानाचा भार टाकणे मला कधी योग्य वाटले नाही.

आता एनबी८४. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींविरुद्ध उंदरात तयार केलेले हे मोनोक्लोनल प्रतिपिंड. त्या काळी त्याचे महत्त्व फार मोठे होते, कारण त्याआधीची न्यूरोब्लास्टोमाची अनेक प्रतिपिंडे गोठवलेल्या ऊतीवरच चालत, तर हे फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या आणि पॅराफिनमध्ये बसवलेल्या नेहमीच्या ब्लॉकवर चालले. संवेदनशीलतेच्या बाबतीत त्याला नावे ठेवायला जागा नाही. अविभेदित प्रकारासह बहुसंख्य न्यूरोब्लास्टोमा ते पकडते, आणि माझ्या पाहण्यात एखाद्या निःसंशय न्यूरोब्लास्टोमात ते पूर्ण कोरे आल्याचे क्वचितच घडले. ज्यांनी या प्रतिपिंडावर आपली नजर तयार केली आहे, त्यांच्या हातात ते आजही चांगले काम देते.

परंतु त्याच्याविषयीच्या दोन गोष्टी मला सुरुवातीपासून खटकत आल्या. पहिली अशी की ते ज्या प्रतिजनाला चिकटते, त्याचे वजन सुमारे ५७ किलोडाल्टन आहे एवढे सांगितले गेले, पण तो प्रतिजन पेशीत नेमके काय काम करतो याचा उलगडा त्याबरोबर मिळाला नाही. त्यामुळे एखाद्या अनपेक्षित ट्यूमरमध्ये तो रंगला, तर तसे का झाले असावे याचा जीवशास्त्रीय विचार करायला आधार राहत नाही. दुसरी गोष्ट व्यवहारातली आहे: युइंग सार्कोमाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात एनबी८४ पॉझिटिव्ह आढळल्याचे १९९० च्या दशकातच नोंदले गेले, आणि डेस्मोप्लास्टिक लहान गोल पेशींच्या ट्यूमरमध्येही ते बऱ्याच वेळा येते. ज्या दोन निदानांमध्ये फरक करण्यासाठी प्रतिपिंड मागवले, त्यांतल्याच एकात पाचातून एकदा ते रंगत असेल, तर त्याच्या होकाराचे वजन तेवढ्याने कमी होते.

फॉक्स२बीचा प्रवास उलट दिशेने झाला. त्याचा जनुक चौथ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे, आणि त्याचे काम आधी कळले, प्रतिपिंड म्हणून त्याचा उपयोग नंतर सुरू झाला. हे एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे इतर जनुकांचे काम नियंत्रित करणारे प्रथिन, आहे. न्यूरल क्रेस्ट या गर्भातील पेशीसमूहातून निघालेल्या पेशी स्वायत्त मज्जासंस्थेच्या पेशी होण्याच्या वाटेवर असताना ते त्यांच्यात सक्रिय असते. २००३ मध्ये जन्मजात केंद्रीय हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोमच्या, म्हणजे झोपेत श्वास मंदावणाऱ्या बालकांच्या आजाराच्या मुळाशी याच जनुकातील बदल असल्याचे दिसले, आणि २००४ मध्ये कुटुंबात आढळणाऱ्या न्यूरोब्लास्टोमातही या जनुकातील बदल सापडले. म्हणजे न्यूरोब्लास्टोमा ज्या पेशींतून उगवतो, त्या पेशींच्या ओळखीचाच हा भाग आहे. २०१२ च्या सुमारास बालकांच्या लहान गोल पेशींच्या ट्यूमरमध्ये त्याचा प्रतिपिंड म्हणून पद्धतशीर वापर मांडला गेला, आणि त्यानंतरच्या कामातून हेच दिसत गेले की न्यूरोब्लास्टोमात ते जवळजवळ नेहमी येते, तर युइंग, र्‍हॅब्डोमायोसार्कोमा, विल्म्स आणि लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात सहसा येत नाही.

कागदावरची तुलना इथेच फॉक्स२बीच्या बाजूने झुकते, तरी केवळ त्यामुळे मी बदल केला नसता. हाताशी असलेले, सवयीचे, तपासून स्थिर झालेले प्रतिपिंड सोडून नवे बसवणे म्हणजे कंट्रोल (तुलनेचा नमुना), विरलन, रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलेले प्रतिजन पुन्हा उघडे करणे), मशीनचा प्रोटोकॉल हे सगळे पुन्हा नव्याने जुळवणे. आणि न्यूरोब्लास्टोमाच्या केसेस काही रोज येत नाहीत. माझा निर्णय ठरवला तो एका वेगळ्याच त्रासाने, आणि तो त्रास होता चिरडलेल्या नमुन्यावर एनबी८४ वाचण्याचा.

न्यूरोब्लास्टोमाची सुईची बायोप्सी ज्यांनी नियमित पाहिली आहे त्यांना हे चित्र परिचयाचे असेल. बारीक, दोऱ्यासारखा तुकडा. त्याच्या दोन्ही कडांना पेशी दबून लांबट झालेल्या, गडद जांभळ्या रेघांसारख्या. मध्ये रक्तस्राव आणि मृत ऊतीचे पट्टे. आणि जिवंत, वाचण्याजोग्या पेशी उरल्या त्या कुठेतरी रक्तवाहिनीभोवती कॉलरसारख्या बारीक कडेत. या ट्यूमरच्या पेशींमध्ये पेशीद्रव आधीच अगदी थोडे असते. एनबी८४ चा रंग पेशीद्रवात आणि पेशीच्या कडेवर उमटतो, आणि पेशी दबली की प्रथम नासते तेच. मग भिजलेल्या कागदावर शाई फुटावी तसा तपकिरी रंग सगळीकडे फिकट पसरतो: मृत भागात थोडा, रक्तद्रवात थोडा, दबलेल्या रेघांवर थोडा. त्या पसरलेल्या रंगातून कोणता रंग पेशीचा आणि कोणता चिरडल्याचा, हे ठरवण्यासाठी मी तोच तुकडा वेगवेगळ्या मोठेपणावर फिरवून पाहत राहत असे. निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ असला तरी प्रश्न सुटत नसे, कारण पार्श्वभूमीचा रंग कंट्रोलवर नाही आणि केसवर आहे याचा अर्थ तो खरा आहे असा होतोच असे नाही. मृत ऊती प्रतिपिंडांना विनाकारण धरून ठेवते.

अशा वेळी अहवालात काय लिहायचे, हा खरा ताण असे. ऑन्कोलॉजिस्टचा फोन येतो तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी असते: रंगले की नाही. मूल आजारी असते, पोट फुगलेले असते, उपचार सुरू करायचे असतात. आणि माझे उत्तर असे, 'फिकट पॉझिटिव्ह, पण दबलेल्या भागात, म्हणून इतर निष्कर्षांसोबत पाहावे.' हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते वाचणाऱ्याच्या हातात काहीच देत नाही. एकाच स्लाइडवर माझे आणि शेजारी बसून पाहणाऱ्या सहकाऱ्याचे मत वेगळे पडणे हेही एनबी८४ बाबत इतर कुठल्याही प्रतिपिंडापेक्षा जास्त वेळा झाले, असे माझे प्रामाणिक निरीक्षण आहे. हे मोजमाप नव्हे. एखाद्या मोठ्या केंद्राने काटेकोरपणे मोजले तर चित्र कदाचित थोडे सौम्य दिसेल.

त्याच प्रकारच्या तुकड्यावर फॉक्स२बी लावल्यावर वाचनाची पद्धतच बदलते. रंग फक्त केंद्रकात. केंद्रक तपकिरी आहे किंवा निळे आहे; पार्श्वभूमी स्वच्छ. दबलेल्या कडेकडे लक्षच द्यायचे नाही, तिथल्या गडद रेघा वाचायच्याच नाहीत. रक्तवाहिनीभोवतीच्या त्या बारीक कॉलरमध्ये ज्या गोल, शाबूत केंद्रके असलेल्या पेशी उरल्या आहेत, तेवढ्याच पाहायच्या. तशा मोजक्या पेशी सापडल्या तरी त्यातल्या बहुतेक सर्व एकसारख्या गडद तपकिरी दिसतात, आणि शेजारीच असलेल्या लिम्फोसाइट व रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींची केंद्रके निळीच राहतात. ही शेजारची निळी केंद्रके माझ्यासाठी फार मोलाची आहेत, कारण त्याच काचेवर, त्याच क्षेत्रात, रंग खरा असल्याचे ती सांगतात. फॉक्स२बी मागवायला लागल्यापासून 'फिकट, दबलेल्या भागात' हे शब्द माझ्या अहवालांतून बरेचसे गेले आहेत, आणि ज्या केसमध्ये वाचण्याजोगे केंद्रकच उरलेले नाही तिथे 'नमुना अपुरा' असे स्पष्ट लिहिता येते.

अस्थिमज्जेत हा फरक आणखी ठळक होतो. न्यूरोब्लास्टोमा मज्जेत लवकर पसरतो, आणि कित्येकदा मज्जेची बायोप्सी हीच हाती आलेली पहिली ऊती असते. गाठीची बायोप्सी न करता, मज्जेतील निःसंशय ट्यूमर पेशी आणि मूत्रातील वाढलेले कॅटेकोलामाइनचे घटक यांवर निदान करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय निकषांनी दिलेली आहे, त्यामुळे मज्जेतील त्या पेशी निःसंशय ठरवणे हे काम हलके नाही. मोठा पुंजका असेल तर प्रश्नच नाही. पण चरबीच्या पेशींमध्ये अडकलेल्या चार-पाच पेशी असतील तर? सीडी५६ इथे हाडाच्या कडेने बसलेल्या ऑस्टिओब्लास्टना रंगवते, आणि लहान मुलाच्या वाढत्या हाडात ऑस्टिओब्लास्टची रांग चांगलीच ठळक असते. सरावलेली नजर त्यांना ओळखते, पण थकलेल्या दिवशी तीच रांग शंका निर्माण करते. एनबी८४ मज्जेत वापरता येते, मीही वापरले आहे, पण रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या दाटीत फिकट पेशीद्रवी रंग शोधणे कष्टाचे आहे. फॉक्स२बी मात्र मज्जेच्या स्वतःच्या पेशींना स्पर्श करत नाही, म्हणून विखुरलेली एखादी तपकिरी केंद्रकाची पेशीही नजरेत भरते. उपचारांनंतर मज्जेत किती रोग उरला आहे हे सांगताना, जिथे ५ टक्क्यांची रेषा महत्त्वाची ठरते, तिथे हा फरक केवळ सोयीचा राहत नाही.

अर्थात फॉक्स२बी बिनदोष नाही, आणि त्याचे दोष माहीत असल्याशिवाय ते घेऊ नये. ते केंद्रकातील प्रथिन असल्यामुळे ऊतीच्या प्रक्रियेबद्दल नाजूक आहे. मज्जेची बायोप्सी तीव्र आम्लात डीकॅल्सिफाय केली, म्हणजे तिच्या हाडातले कॅल्शियम काढले, तर रंग कमी होऊ शकतो किंवा जाऊही शकतो. इडीटीए हे कॅल्शियम सौम्यपणे काढणारे रसायन वापरणे हाच त्यावरचा उपाय, आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा वेळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी समजावून सांगावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये पुरेसा वेळ न ठेवलेल्या तुकड्यात मध्यभाग कोरा आणि कडा रंगलेल्या असे चित्र मला दिसले आहे. रिट्रीव्हल नीट जमले नाही तर ते शांतपणे निगेटिव्ह येते. एनबी८४ सारखा फिकट रंग देऊन ते तुम्हाला सावध करत नाही. म्हणून कंट्रोलची निवड महत्त्वाची. माझ्या अनुभवात अपेंडिक्स किंवा आतड्याच्या भिंतीचा तुकडा उत्तम, कारण स्नायूंच्या थरांमधल्या मज्जाजाळ्यातील गँग्लिऑन पेशींची केंद्रके ठळक रंगतात आणि भोवतीचे स्नायू पूर्ण निळे राहतात. केवळ ठसठशीत न्यूरोब्लास्टोमाचा कंट्रोल ठेवला तर रंगाची ताकद हळूहळू घसरते आहे हे लवकर कळत नाही.

दुसरी मर्यादा जीवशास्त्राची आहे. २०१७ पासून हे स्पष्ट झाले आहे की न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी दोन अवस्थांमध्ये असू शकतात: एक अ‍ॅड्रेनर्जिक, जिच्या ओळखीच्या जाळ्यात फॉक्स२बी, हँड२ आणि गाटा३ येतात, आणि दुसरी मेसेन्कायमल, जिच्यात ही ओळख मावळते. म्हणजे एखाद्या खऱ्याखुऱ्या न्यूरोब्लास्टोमात फॉक्स२बी कोरे येणे शक्य आहे, आणि तशी विरळ उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणून एकट्या निगेटिव्ह फॉक्स२बीवर न्यूरोब्लास्टोमा नाकारू नये. पॉझिटिव्ह निकालालाही एक अपवाद लक्षात ठेवायचा: पॅरागँग्लिओमा आणि फिओक्रोमोसायटोमा याच वंशातले असल्याने त्यांच्यातही ते येते. लहान मुलात हा गोंधळ क्वचितच होतो, पण मोठ्या मुलाच्या किंवा किशोराच्या पोटातील गाठीत पेशींची ठेवण आधी पाहिलेली बरी.

फॉक्स२बी काय सांगत नाही हेही इथे नोंदवायला हवे, कारण त्याच्या स्वच्छ रंगामुळे जास्तीची अपेक्षा ठेवण्याचा मोह होतो. ते वंश सांगते, घातकता नाही. गर्भातील अधिवृक्क ग्रंथीत न्यूरोब्लास्टचे लहान पुंजके नैसर्गिकपणेच असतात, आणि नवजात बालकाच्या ग्रंथीत ते उरलेले दिसू शकतात. फॉक्स२बी त्यांनाही तितकेच ठळक रंगवणार. विभेदनाची पातळी ठरवणे, ५००० पेशींमध्ये विभाजित होणाऱ्या आणि मोडणाऱ्या केंद्रकांची मोजणी करणे, श्वान पेशींच्या (चेतातंतूंना वेढणाऱ्या पेशींच्या) स्ट्रोमासाठी एस१०० पाहणे आणि एमवायसीएन जनुकाची वाढ, म्हणजे त्याच्या प्रतींची वाढलेली संख्या, फिश या चमकत्या खुणांच्या चाचणीने तपासणे ही कामे पूर्वीइतकीच करावी लागतात. एमवायसीएनची वाढ असलेल्या, मोठ्या न्यूक्लिओलसच्या (केंद्रकातल्या ठळक ठिपक्याच्या) अविभेदित पेशींमध्ये क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायझिन बहुधा दुबळे येतात, आणि तिथे फॉक्स२बी टिकून राहिलेले मी पाहिले आहे. मला ते विशेष भरवशाचे वाटते ते या कारणानेही.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे कॅटेकोलामाइन तयार होण्याच्या वाटेवरचे महत्त्वाचे एन्झाइम असल्याने ते तर्काला धरून आहे आणि अविभेदित प्रकारात उपयोगीही पडते, परंतु ते पेशीद्रवी असल्यामुळे चिरडलेल्या तुकड्यावर त्याचाही तोच त्रास आहे. गाटा३ केंद्रकातले आहे आणि न्यूरोब्लास्टोमात चांगले येते. मात्र टी-लिम्फोब्लास्टमध्येही ते येऊ शकते, आणि छातीतल्या गाठीत नेमका तोच पर्याय समोर असतो. आयएनएसएम१ न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी उत्तम, पण इथे ते फॉक्स२बीइतके नेमके नाही. जीडी२ हे उपचारांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे लक्ष्य आहे, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डिन्युटुक्सिमॅब त्याच्यावरच काम करते, पण ते चरबीयुक्त रेणू असल्याने पॅराफिनच्या प्रक्रियेत विरघळून जाते. मज्जेच्या द्रवाच्या स्मिअरवर त्याचा उपयोग वेगळा.

एकटे कोणतेही प्रतिपिंड मागवू नये, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी विरुद्ध बाजूची प्रतिपिंडे निवडताना घाई होते असे दिसते. युइंगमध्ये ठळक येणारे सीडी९९ न्यूरोब्लास्टोमात येत नाही. पेशीपटलावर सलग, ठळक सीडी९९ दिसले तर फॉक्स२बी पॉझिटिव्ह असले तरी थांबून पुन्हा विचार करावा. पण सीडी९९ लिम्फोब्लास्टमध्येही येते, म्हणून लिम्फोब्लास्ट ओळखणारे टीडीटी सोबत हवे. सीडी९९ ठळक आणि फॉक्स२बी कोरे असेल तर युइंगसाठी एनकेएक्स२.२ आणि जनुकीय चाचणी. र्‍हॅब्डोमायोसार्कोमासाठी केवळ डेस्मिन पुरत नाही, कारण विल्म्सच्या ब्लास्टेमातही डेस्मिन रंगू शकते. मायोजेनिन किंवा मायोडी१ लावावे, दोन्ही केंद्रकातले असल्याने चिरडलेल्या तुकड्यावर फॉक्स२बीसारखेच वाचता येतात. मूत्रपिंडाला चिकटलेल्या गाठीत विल्म्ससाठी डब्ल्यूटी१ घालावे. असे पॅनेल लावल्यावर एनबी८४ चा पाचव्या हिश्श्याचा दोष बऱ्याच अंशी भरून निघतो हेही मी प्रामाणिकपणे सांगतो, आणि ज्या प्रयोगशाळेत एनबी८४ उत्तम चालते, नमुने मोठे येतात आणि ते वाचणारे हात सरावलेले आहेत, तिथे केवळ नवे आहे म्हणून फॉक्स२बीकडे धावण्याची गरज मला दिसत नाही.

ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांनी मात्र माझ्या मते थेट फॉक्स२बीच घ्यावे, आणि शक्यतो सशातले मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून बनलेले, एकसारखे) घ्यावे. अनेक पेशीवंशांच्या मिश्रणातून बनलेल्या पॉलिक्लोनल प्रकारात केंद्रकाबाहेर रंग सांडण्याचा अनुभव मला आला, आणि तो रंग सांडला की या प्रतिपिंडाचा मुख्य फायदाच निघून जातो. तपासणीसाठी स्वतःच्या जुन्या ब्लॉकमधून निवड करताना ठसठशीत, न्यूरोपिलने भरलेल्या गाठींवर समाधान मानू नये. चिरडलेल्या सुईच्या तुकड्यांचे, डीकॅल्सिफाय केलेल्या मज्जेचे आणि केमोथेरपीनंतरच्या गाठीचे ब्लॉक मुद्दाम घ्यावेत, आणि सोबत युइंग व अल्व्हिओलर र्‍हॅब्डोमायोसार्कोमाचे सिद्ध ब्लॉक घ्यावेत. केमोथेरपीनंतर उरलेल्या, कॅल्शियम साठलेल्या, तंतुमय भागात विखुरलेल्या पेशी न्यूरोब्लास्ट आहेत की लिम्फोसाइट, हा प्रश्न वारंवार येतो, आणि तिथेही केंद्रकातला रंग उत्तर लवकर देतो.

एक व्यवहाराची गोष्ट राहते. बालकाच्या सुईच्या बायोप्सीत ऊती इतकी थोडी असते की पॅनेल टप्प्याटप्प्याने मागवत गेल्यास दर वेळी ब्लॉक पुन्हा मशीनवर बसवून, समतल करण्यासाठी पहिले काही काप फुकट घालवावे लागतात, आणि शेवटी फिशसाठी काहीच उरत नाही. म्हणून पहिल्याच वेळी साध्या स्लाइडबरोबर न रंगवलेले काप क्रमाने, चिकट काचांवर, सलग कापून ठेवावेत. त्यांवर क्रमांक घालावेत. आणि एमवायसीएनसाठीचे काप सर्वात आधी बाजूला काढून मगच उरलेल्यांतून प्रतिपिंडांचा विचार करावा. माझ्याकडे सध्या क्रम असा आहे: फॉक्स२बी, सीडी९९, टीडीटी आणि मायोजेनिन पहिल्या फेरीत, आणि सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन वगैरे दुसऱ्या फेरीत, तेही पहिल्या फेरीने उत्तर दिले नाही तरच.